आधी अर्थिंगची वायर तपासा, कपॅसिटर नंतर
गाडीत गाणी लावली की बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावतात, या प्रश्नावर अँप्लिफायरला (आवाज वाढवणारं यंत्र) कपॅसिटर (वीज साठवून क्षणात देणारा भाग) बसवायचा सल्ला आलाय, पण एवढ्यात पैसे घालू नका. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरने बॅटरी मोजा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मग आवाज वाढवून अँप्लिफायरच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर ठीक आणि तिथे दोन व्होल्ट कमी, तर दोष वायरिंगचा. माझ्या गाडीत अँप्लिफायरची अर्थची वायर (गाडीच्या पत्र्याला जोडतात ती) रंगावरच आवळली होती. पत्रा घासून चकचकीत केला आणि दिवे स्थिर झाले. दोन्हीकडे व्होल्टेज पडत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) कमी पडतोय, तिथे कपॅसिटर फारसा उपयोगी नाही.

आणि बॅटरीतून अँप्लिफायरला जाणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे ना? नसेल तर आधी तो बसवा. वायर घासून बॉडीला टेकली तर आग लागू शकते.