मदत हवी आहे: रॉस्कॉफच्या नगरचिन्हाचं वर्णन मराठीत कसं करू?

नमस्कार मंडळी,

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, उत्तर किनाऱ्यावर रॉस्कॉफ नावाचं छोटं बंदर आहे. मी इथे राहते. आईबाबा पहिल्यांदाच येणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी गावाची चार पानी ओळख लिहायला घेतली आहे. इतिहास भराभर लिहून झाला. पाच वर्षांची स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट ऑगस्ट १५४८ मध्ये इथेच उतरली. १८२८ पासून इथले शेतकरी गुलाबी कांद्याच्या वेण्या घेऊन समुद्रापलीकडे इंग्लंडात दारोदार विकायला जायचे. तिकडे त्यांना 'जॉनी' म्हणत. कांद्याच्या या भागावर बाबा खूश होणार, हे नक्की.

अडले आहे ते नगरचिन्हापाशी. (मुळात नगरचिन्ह म्हणू की मानचिन्ह? 'बोधचिन्ह' म्हटलं की कंपनीचा लोगो डोळ्यासमोर येतो.)

चिन्ह असं: निळी ढाल, तिच्यावर रुपेरी लाटा आणि लाटांवर शिडं फुगलेलं रुपेरी जहाज. शिडांवर आणि ढालीच्या वरच्या आडव्या पट्ट्यावर 'एर्मीन'. एर्मीन हा मुंगसाहून लहान, लांबोडका प्राणी. हिवाळ्यात तो पांढराशुभ्र होतो, शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं. पूर्वी त्याची कातडी जोडून सरदारांचे झगे शिवत, म्हणून चिन्हात पांढऱ्यावर काळे ठिपके दिसतात. ब्रिटनीवर राज्य करणाऱ्या तिसरा जाँ या ड्यूकने १३१६ मध्ये नुसतं एर्मीन हेच आपलं चिन्ह केलं आणि पुढे ते ब्रिटनीचंच झालं. म्हणजे रॉस्कॉफचं जहाज शिडांवर ब्रिटनी मिरवत निघालं आहे. मला हे फार देखणं वाटतं. इथल्या चर्चच्या भिंतींवरही दगडात जहाजं कोरलेली आहेत. देवळालाही पैसा समुद्रातूनच आला. पण 'काळे ठिपके' लिहिलं की सगळी शान जाते. 'एर्मीन' तसंच ठेवून एकदा समजावून सांगू का? आणि जहाज म्हणू, गलबत म्हणू की तारू? कोकणातल्या मंडळींनी यावर जरूर सांगावं.

दुसरी अडचण ब्रीदवाक्याची. ब्रेटन या ब्रिटनीच्या स्वतःच्या भाषेत गावाचं नाव 'रॉस्को'. त्यातलं 'रो' म्हणजे दे आणि 'स्को' म्हणजे हाण. त्यावरून ब्रीद झालं: 'आ रेइ, आ स्केइ, अताओ'. शब्दशः देणं, हाणणं, नेहमी. 'दान आणि प्रहार' केलं तर मंत्रालयाच्या परिपत्रकासारखं वाटतं. सध्या 'देऊ, हाणू, सदाच' इथवर आले आहे. ठसका जमतो आहे, पण गावाच्या नावावरचा श्लेष हातून निसटतो. तो मराठीत कुणाला साधता येईल का?

आईबाबा पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पोचतील. त्याआधी दोन ओळी सुचवल्यात तरी खूप मदत होईल.