जास्वंदीचे सेपिया फोटो चिखलासारखे का येतायत?

परसबागेतली

नमस्कार मंडळी, फोटोग्राफीतल्या जाणकारांची मदत हवी आहे. दापोलीजवळ आमचं जुनं घर आहे, मागे आजीची परसबाग. लाल जास्वंद, पांढरा चाफा, तगर, अनंत, कर्दळ, अबोली आणि विहिरीच्या बाजूला सोनटक्क्याचं बन. मार्गशीर्षात आजीचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यासाठी मी तिच्या बागेतल्या फुलांचा एक छोटा अल्बम करतेय, आणि तो सेपियामध्येच करायचाय. कारण असं की आजीचा लग्नानंतरचा 1961 चा एक फोटो आहे, ती जास्वंदीपाशी उभी आहे, पूर्ण फोटो तपकिरी, आणि तो इतका सुंदर आहे ना की त्याच्या शेजारी रंगीत फोटो ठेवावेसेच वाटत नाहीत.

आता प्रॉब्लेम. गेल्या दोन शनिवार-रविवारी मी शंभरेक फोटो काढले आणि फोनमधला सेपिया फिल्टर लावला तर सगळं चहा सांडल्यासारखं दिसतंय. जास्वंद आणि तिची पानं एकमेकांत मिसळून जातात, फूल कुठे संपतं आणि पान कुठे सुरू होतं ते कळतच नाही. चाफा म्हणजे नुसता पांढरा डाग, पाकळीवरची घडी वगैरे काही नाही. रंगीत बघितले तर हेच फोटो छान आहेत!

अजून एक गोष्ट मला समजत नाहीये. आजीच्या त्या जुन्या फोटोत जास्वंद जवळजवळ काळी दिसते. आजी म्हणते काळी कुठली, लालच होती, तीच जास्वंद आजही आहे (म्हणजे तिच्या फांदीपासून लावलेली). मग ती काळी का आली? आणि तो फोटो मुळातच तपकिरी केलेला असेल की जुना होऊन पिवळा पडलाय, हे ओळखता येतं का?

कॅमेरा साधा डीएसएलआर आणि 50 एमएम लेन्स आहे, मॅक्रो नाही.

निळीशाई

सेपिया फिल्टर आधी बंद करा. सेपिया ही शेवटची पायरी आहे, तुमचा घोळ त्याच्या आधीच्या पायरीत होतोय, म्हणजे रंगीतचं कृष्णधवल होताना. तिथे फोटो सपाट झाला की वरून कुठलाही तपकिरी रंग चढवा, चिखलच होणार.

हिशोबच करून बघू. समजा जास्वंदीच्या पाकळीचे आकडे (0 म्हणजे काळं, 255 म्हणजे पूर्ण उजळ) लाल 200, हिरवा 20, निळा 40 असे आहेत आणि पानाचे 60, 100, 40. कृष्णधवल करताना सॉफ्टवेअर साधारणपणे लालचे 30 टक्के, हिरव्याचे 59 आणि निळ्याचे 11 टक्के धरून बेरीज करतं. पाकळी येते 76 आणि पान येतं 81. म्हणजे डोळ्याला एकमेकांच्या अगदी विरुद्ध वाटणारे दोन रंग राखाडीत सख्खे भाऊ झाले! तुमचं फूल पानात हरवतं ते यामुळे, फोटो काढण्यात चूक नाहीये.

आता तोच फोटो फक्त लाल चॅनलमधून, म्हणजे फक्त लालचा आकडा धरून बघा, पाकळी 200 आणि पान 60, फूल उजळ आणि मागे अंधार. फक्त हिरव्या चॅनलमधून बघा तर पाकळी 20 आणि पान 100, काळं फूल आणि उजळ पानं. एकाच फोटोतून दोन पूर्ण वेगळी चित्रं निघतात आणि कुठलं हवं ते तुम्ही ठरवायचं, फोनने नाही. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये कृष्णधवल केल्यावर प्रत्येक रंगाचा वेगळा स्लायडर मिळतो, स्नॅपसीड ॲपच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाल, पिवळा, हिरवा असे कलर फिल्टर आहेत, तेवढ्यावरही काम होतं. स्लायडर एकदम टोकाला नेऊ नका, पाकळीवर दाणे उमटायला लागतात.

हे मनासारखं झालं की मग सेपिया. लाइटरूमच्या कलर ग्रेडिंगमध्ये ह्यू (रंगाची छटा) 35 ते 40 आणि सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) 15 च्या आसपास, बास. फोनचे तयार फिल्टर याच्या तिप्पट रंग ओततात, चहा सांडल्यासारखं दिसतं ते म्हणूनच.

आणि हो, रॉमध्ये काढा, म्हणजे जेपीईजी न करता कॅमेऱ्याची मूळ फाइल ठेवा. लाल फुलांवर कॅमेऱ्याचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरून जातो, साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो पण पाकळीवरच्या शिरा गेलेल्या असतात. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम दाखवायची सेटिंग असते ती चालू करा, लाल उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर कमी करा.

डार्करूमवाला

ताई, तुमच्या काळ्या जास्वंदीचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं. रत्नागिरीत आमचा फोटो स्टुडिओ होता, मी वडिलांच्या हाताखाली डार्करूममध्येच वाढलो.

फिल्ममधलं चांदीचं मीठ मुळात फक्त निळा प्रकाश ओळखतं. 1873 मध्ये फोगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला सापडलं की त्यात ठराविक रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरवाही ओळखायला लागतं, त्यातूनच पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आणि फिल्म आल्या. लाल ओळखणारी पॅनक्रोमॅटिक त्याच्याही नंतरची, पण ती आली म्हणून ऑर्थो लगेच संपली नाही. ऑर्थोला लाल दिसतच नाही, म्हणून तर ती लाल दिव्याखाली डेव्हलप करता यायची. आणि जे फिल्मला दिसत नाही ते प्रिंटवर काळं येतं. तुमच्या आजीची जास्वंद काळी आली असेल तर फोटोग्राफरकडे बहुधा ऑर्थो फिल्म होती. कपाळावरचं कुंकूही काळं दिसतंय का बघा, आणि ओठ गडद आलेत का. तसं असेल तर मला शंका राहणार नाही.

आता तपकिरी मुळातला की वयाचा. फोटो खिडकीपाशी तिरपा धरा. टोनिंग न केलेल्या जुन्या प्रिंटच्या गडद भागात, विशेषतः कडेला, चांदीसारखी निळसर चमक येते. आणि फिकटलेल्या फोटोत गडद भागाची जान जाते, सगळं एकसारखं पिवळट होतं. चमक नसेल, केस आणि साडीचे काठ अजून खणखणीत असतील तर तो सेपिया टोन केलेला आहे. लोकांना वाटतं जुना झाला की फोटो सेपिया होतो, खरं तर उलट आहे. सेपिया केलेला फोटो टिकतो, कारण त्यातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड झालेलं असतं आणि त्याला हवेतला गंधक फारसं काही करू शकत नाही.

आम्ही कसं करायचो सांगतो, तुम्हाला कॉम्प्युटरवर करतानाही उपयोग होईल. तयार प्रिंट आधी पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइडच्या पाण्यात घालायची, चित्र विरत विरत फिकट पिवळट होतं, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की गेला फोटो. मग धुऊन सोडियम सल्फाइडमध्ये टाकली की काही सेकंदांत तपकिरी होऊन परत वर येते. सडक्या अंड्यासारखा वास यायचा म्हणून हे काम मागच्या पडवीत चालायचं, डार्करूममध्ये नाही, कारण त्या वाफेने कोरे कागदही खराब होतात. टोनिंगमध्ये चित्र थोडं उजळतं म्हणून मूळ प्रिंट जरा गडद काढायची हे वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

आता मुद्द्याचं. पहिल्या पाण्यातून प्रिंट लवकर काढली तर उजळ भाग आधी विरतात आणि फक्त तेच तपकिरी होतात, गडद भाग काळेच राहतात. फुलांना हे फार शोभतं. चाफ्याच्या पाकळीला ऊब येते आणि मागची सावली सावलीच राहते. तेव्हा कॉम्प्युटरवर तपकिरी सगळीकडे सारखा ओतू नका, उजळ आणि मधल्या भागात द्या, अगदी काळ्यात जवळजवळ नको.

सेपिया हे माकुलाच्या शाईचं नाव, पूर्वी त्या शाईने चित्रं काढायचे. आपल्याकडे किनाऱ्यावर समुद्रफेस सापडतो ना, तो याच जातीतल्या माकुलाच्या पाठीचा. दापोलीची माणसं म्हणून सांगितलं.

परसबागेतली

काका, कुंकू काळं आहे!! आत्ता भिंग घेऊन बघितलं. आणि चमक कुठेच नाही, काठाची नक्षी मोजता येईल इतकी स्पष्ट आहे. आजीला सांगितलं तर ती म्हणाली की हो, फोटोवाल्याने तपकिरी करायचे जास्त पैसे घेतले होते, आजोबांनी मुद्दाम करून घेतला होता. एवढी वर्षं आम्ही सगळे तो पिवळा पडलेला समजत होतो.

निळीशाई, हिरवा फिल्टर लावून बघितला, जास्वंद काळी आणि पानं उजळ, अगदी आजीच्या फोटोसारखी! पण पांढऱ्या फुलांचं काय करू? आणि जांभ्याच्या गडग्यासमोरचे फोटो तर सगळेच गेलेत.

सिंगापूरवासी

मूळची अलिबागची, बरीच वर्षं सिंगापूरला आहे. इथे वर्षभर फुलं आणि वर्षभर दमट हवा, त्यामुळे पांढऱ्या चाफ्याशी माझी बरीच झटापट झाली आहे.

पांढरं फूल गर्द पानांत असलं की कॅमेरा पानांचा अंधार बघून एक्स्पोजर वाढवतो आणि फूल जळतं. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) उणे एक, कधी उणे दीडसुद्धा. उलट फुलाने पूर्ण फ्रेम भरली असेल तर कॅमेरा त्या पांढऱ्याचं राखाडी करतो, तेव्हा अधिक एक. एकच आकडा लक्षात ठेवून चालत नाही, मागे काय आहे ते बघावं लागतं.

सेपियामध्ये पांढरी फुलंच माझी सगळ्यात आवडती, कारण त्यांच्याकडे रंग नव्हताच, गमवायला काही नाही. चाफ्याच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एकावर एक चढलेल्या असतात, बाजूने उजेड आला की प्रत्येक पाकळीची सावली पुढचीवर पडते आणि ती सावली म्हणजेच फोटो. दुपारी काढू नका. इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो, मी साडेसात ते साडेआठ एवढाच वेळ बागेत जाते. सोनटक्का आहे म्हणालात ना, त्याच्या पाकळ्या इतक्या पातळ असतात की मागून ऊन आलं की शिरा दिसतात, तो मागूनच्या उजेडात काढा. इथल्या बोटॅनिक गार्डन्समध्ये आल्याच्या कुळातली खूप फुलं आहेत, शिवाय वेगळ्या कुळातली हेलिकोनियाही, त्यांचा आकार इतका ठाम असतो की रंग काढून घेतला तरी फूल उभं राहतं.

गडग्याचं कारण निळीशाईंच्या हिशोबातच आहे. जांभा लाल, जास्वंद लाल, लाल फिल्टर लावा नाहीतर हिरवा, दोन्ही एकदम उजळणार किंवा एकदम काळे होणार. तिथे पांढरी फुलं काढा आणि हिरवा फिल्टर लावा, जांभा गडद होईल आणि त्याची भोकं सुंदर दिसतील. जास्वंदीला मागे काळी छत्री उघडून धरा, थोडी लांब, म्हणजे तिच्यावर उजेड पडणार नाही. आणि लाल फिल्टर. सावलीच्या बाजूला पांढरा पंचा धरला की तिकडच्या पाकळ्यांतही जीव येतो.

एसीतून कॅमेरा थेट बागेत नेऊ नका, लेन्सवर धुकं धरतं, बॅगेत बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. पावसाळ्यात परत आल्यावर सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, बुरशी लागली की लेन्स वाचवणं कठीण.

चाफेकळी

एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. अबोलीचा सेपिया करू नका हो. अबोलीला वास नाही, आकारही नाजूक आणि साधा, तिचं सगळं तिच्या रंगात आहे. तो रंग काढून घेतला तर आजीला ती ओळखूही येणार नाही. माझ्या आईच्या वेणीतल्या अबोलीचा असाच फोटो मी केला होता आणि नंतर फार वाईट वाटलं. अल्बममध्ये एकच पान रंगीत ठेवा, अबोलीचं.

निळीशाई

चाफेकळींशी सहमत. आणि परसबागेतली, छापायला देताना एक सांभाळा. लॅबमध्ये मशीन आपोआप रंग दुरुस्त करतं, त्याला तपकिरी म्हणजे बिघाड वाटतो आणि तुमचा सेपिया निळसर राखाडी होऊन हातात येतो, माझे वीस प्रिंट असे वाया गेलेत. ऑर्डर देताना कलर करेक्शन बंद ठेवा असं लिहून द्या, फाइल ग्रेस्केलमध्ये (नुसत्या राखाडीत) नको, आरजीबीमध्येच (रंगीत फाइल म्हणून) द्या, आणि आधी एकच छापून बघा. कागद मॅट घ्या.

परसबागेतली

सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी परत गेले होते. सकाळी ढग होते पण आठच्या सुमाराला थोडं ऊन आलं, भावाला छत्री धरायला उभं केलं आणि पंचा वहिनीच्या हातात. चाफ्याचे चार फोटो असे आलेत की मी अजून बघतेच आहे, पाकळीची घडी, देठाजवळचा चीक, सगळं आहे. काकांनी सांगितल्यासारखा तपकिरी फक्त उजळ भागात दिला.

जास्वंदीचे दोन प्रकार केले, एक लाल फिल्टरचा उजळ आणि एक हिरव्याचा काळा, आणि कुठला आवडतो म्हणून दोन्ही आजीला दाखवले. तिने चष्मा पुसला, काळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, ही विहिरीकडची ना, हिच्या पाकळीला कड दुमडलेली असते. तिथलीच होती. काळीच ठेवतेय, 1961 च्या फोटोसमोरच्या पानावर. अबोली रंगीत.

सोनटक्का अजून फुलायचाय, फुलला की मागून उजेड घेऊन काढते आणि इथे टाकते. काका, त्या जुन्या फोटोला आता काचेची फ्रेम करायची आहे, काच थेट फोटोला टेकली तर चालते का?

डार्करूमवाला

टेकू देऊ नका. आपल्या दमट हवेत इमल्शन, म्हणजे फोटोवरचा चित्राचा थर, काचेला चिकटतं आणि मग सोडवता येत नाही. मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घाला, आणि पुठ्ठा आम्लमुक्त मागा. आणि आजींना माझा नमस्कार सांगा.