हरितलवक की हरितद्रव्य?

रानमेवा: एका मुलांच्या अंकासाठी भाषांतर करतेय. मी लिहिलं, 'टोमॅटो पिकताना हरितलवकांचे वर्णलवक होतात' (वर्णलवक म्हणजे पेशीतल्या लाल-पिवळ्या रंगाच्या रचना). संपादकांनी 'हरितलवक' खोडून 'हरितद्रव्य' केलं. म्हणे वाचकांना तेवढंच कळतं. पण मग वाक्यच चुकतं ना! हरितद्रव्य विघटित होऊन नाहीसं होतं; बदलतं ते हरितलवक. सोपा प्रतिशब्द आहे का?

बोरीबाभळी: संपादक चूक. हरितद्रव्य हे रंगद्रव्य, क्लोरोफिल. हरितलवक ही पेशीतली अख्खी रचना. तिच्या आतल्या थायलॅकॉइड नावाच्या पातळ पटलांवर हरितद्रव्य असतं, तिथे प्रकाशाच्या जोरावर पाणी फुटतं आणि ऑक्सिजन सुटतो. कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा होते ती पटलांबाहेरच्या द्रवात, आणि तिथे हरितद्रव्य नसतंच. दोन्हींना एकच शब्द वापरला तर पुढचं कसं समजावणार?

जुनापाट: आमच्या वेळी 'हरितकणू' होता. विश्वकोशातही भेटतो. कण सगळ्यांना कळतो, लवक कोणाला कळतो?

अनुस्वार: लवक म्हणजे लवणारा, लवचीक. लवकाला इंग्रजीत प्लास्टिड म्हणतात, आणि ग्रीक मुळात प्लास्टिक आणि प्लास्टिड एकाच घरातले, दोघांत 'घडवणं' आहे. शब्द करणाऱ्याने बरोबर पकडलंय.

जुनापाट: ओढूनताणून. 'लवलेश'मधला लव घ्या की! लव म्हणजे अंश, लवक म्हणजे छोटा अंश. शिवाय हा शब्द हिंदीतही आहे, तिकडे कुठे काही लवतंय?

अनुस्वार: लवलेश तर लवलेश. माझं मत बदललेलं नाही.

थेट_बोला: हरितलवकाला सरळ इंग्रजीतलं क्लोरोप्लास्ट म्हणा. ती वस्तूच मुळात परकी आहे. एके काळी स्वतंत्र जगणारे नील-हरित जीवाणू दुसऱ्या पेशीने पोटात घेतले, त्यांचे वंशज हे. मेरेझकोव्हस्की या रशियन जीवशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा फार कोणी मनावर घेतली नाही. आजही त्यांत स्वतःचा डीएनए आहे. पाहुणा परका, मग नाव परकं का नको?

बोरीबाभळी: आणि त्या पाहुण्याची बहुतेक जनुकं यजमानाच्या केंद्रकात गेलीत, हे सोयीने विसरलात. तो घरची भाषा शिकला. तुम्हीही शिका.

थेट_बोला: 'हरित' ही घरची भाषा? बाजारात कोण हरित मिरची मागतं?

रानमेवा: बरं, पण मी वाक्यात काय ठेवू?

माळवं: मध्येच विचारते. लाल माठात हे हरितलवक नसणार ना? पान तर लालच असतं.

बोरीबाभळी: असतात, भरपूर असतात. लाल रंग पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत असतो, बीटातल्यासारखाच, पाण्यात विरघळणारा. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून भाजी उकळली की पाणी लाल होतं आणि पानाचा दडलेला हिरवा दिसायला लागतो. हरितलवक सहसा नसतात ते झाडाच्या मुळांमध्ये.

जुनापाट: लाल माठ नव्हे, तांबडा माठ.

माळवं: आमच्याकडे लालच म्हणतात. एकच ना?

जुनापाट: एकच कसं? पहाटे तांबडं फुटतं. लाल फुटल्याचं ऐकलंय कधी?

अनुस्वार: तांबडा तांब्यावरून. माठ तांब्याच्या रंगाचा असतो का? तो जांभळ्याकडे झुकतो.

माळवं: मग काय जांभळा माठ म्हणू? भाजीवाला हाकलून देईल.