हॉकी बघायला तुम्ही कुठवर गेलात?

दादरचे_काका:
१९८२ चा वर्ल्ड कप मुंबईत झाला, तेव्हा वडिलांनी मला चर्चगेटच्या स्टेडियमवर नेलं. मी सातवीत होतो. पाकिस्तानने पश्चिम जर्मनीला ३-१ हरवून कप नेला, आणि मला मात्र हॉकीचं वेड कायमचं लागलं. तुमच्या आठवणी सांगा ना.

पेनल्टी_कॉर्नर:
काका, मी २०१८ च्या वर्ल्ड कपला कोणार्क एक्स्प्रेसने भुवनेश्वरला गेले. दोन रात्री गाडीत, डब्यात आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कलिंगा स्टेडियमवर मॅचच्या आधी टर्फवर पाणी मारलं, तो ओला वास अजून नाकात आहे. आकाशदीपने नेदरलँड्सवर पहिला गोल केला, तेव्हा शेजारच्या ओडिया मावशींनी मला घट्ट मिठीच मारली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. १-२ हरलो. त्या मावशी माझे डोळे पुसत होत्या आणि स्वतःही रडत होत्या.

विरार_फास्ट:
मी कुठे लांब गेलो नाही. ८ ऑगस्ट २०२४, ऑफिसमधून निघून लोकलमध्ये उभा, मोबाइलवर पॅरिस ऑलिंपिकमधली स्पेनविरुद्धची ब्राँझची मॅच. हरमनप्रीतचे दोन्ही गोल पेनल्टी कॉर्नरवर. डब्यातले पाच-सहा जण माझ्याच स्क्रीनवर वाकलेले. गोलकीपर श्रीजेशची शेवटची मॅच, २-१ जिंकलो, सगळा डबा ओरडला!

दादरचे_काका:
पोरी, त्या मावशींचा पत्ता घेतलास का गं?

पेनल्टी_कॉर्नर:
हो काका. दर दिवाळीला फोन असतो.