एकनिष्ठता पुरेशी नाही

कुणीतरी लिहिलंय की व्यसनमुक्तीच्या उपचारात असलेल्या बाईला 'एका जोडीदाराशी एकनिष्ठ राहा' एवढं सांगितलं की एचआयव्हीपासून बचावाचं काम झालं. ती एकनिष्ठ असतेच हो, प्रश्न त्याचा असतो. इंजेक्शन घेणाऱ्या जोडप्यात सुई बहुधा तो आधी वापरतो, मग तीच तिला टोचतो. कंडोमचा विषय काढला तर 'माझ्यावर संशय घेतेस की तूच बाहेर जातेस?' आणि मार.

म्हणून हिंसेबद्दल विचारायचं ते एकटीला, दार लावून. जोडप्याचं एकत्र समुपदेशन इथे धोक्याचंच. ब्युप्रेनॉर्फिन (हेरॉइनसारख्या नशेच्या जागी उपचारात दिलं जाणारं औषध) घ्यायला ती कुणाबरोबर येते, गोळ्या आणि पैसे कुणाच्या हातात असतात, हेही विचारा. डोस चुकला की ती पुन्हा त्याच्याच सुईकडे वळते.

लैंगिक जबरदस्ती झाली असेल किंवा सुई सामायिक वापरली असेल तर पीईपी (संपर्कानंतर एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं) ७२ तासांच्या आत, जमेल तितकं लवकर, आणि पूर्ण २८ दिवस. गोव्यात रात्रीबेरात्री थेट बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जावं; सोमवारच्या ओपीडीची वाट बघण्यात तास जातात. पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी ६ आठवडे आणि ३ महिन्यांनी परत करायची.

ती पॉझिटिव्ह निघाली तर? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम ९ नुसार, सांगितल्याने तिला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी जोडीदाराला कळवायचं नसतं. हे कर्मचाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१, एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७.