डोक्यांचा नाच आणि गार वडे

शोभाताई बी-३०२, रात्री ९:४०
नमस्कार. कोणाला दुखवायचं नाही, पण एकदा बोलायलाच हवं. आजच्या श्रवणसंध्येत पहिलं गाणं पंचवीस मिनिटं चाललं. गाणं म्हणजे काय, तर पक्षी, शिट्ट्या आणि कोणीतरी स्वतःची छाती बडवून घेतंय. मधूनच उठायची सोय नाही, नेनेकाका वळून बघतात. तिकडे माझे साठ वडे गार झाले.

देसाई ए-६०३, ९:४३
कार्यक्रम उत्तम. जे वाजवलं त्याची यादी टाकावी. नावं कळली नाहीत.

नेनेकाका सी-२०४, ९:५१
शोभाताई, आपल्या वड्यांबद्दल आदर आहेच. पण ते गाणं नव्हतं, रेकॉर्डची अख्खी एक बाजू होती. ‘दांसा दास काबेसास’, म्हणजे डोक्यांचा नाच. ब्राझीलचा गिटारवादक एग्बेर्तो जिस्मोंती आणि तालवाद्यांवर नाना वास्कोन्सेलोस. दोन बाजूंना दोनच तुकडे, मिळून पन्नासेक मिनिटं. दुसरी बाजू मी लावली नाही ती तुमच्या चेहऱ्याकडे बघूनच.

सावंत खजिनदार, ९:५२
डोक्यांचा नाच म्हणजे आपली वार्षिक सभा 😄

पाटील सेक्रेटरी, ९:५३
सावंत, जरा.

सावंत खजिनदार, ९:५४
बरं, हे वास्कोन्सेलोस नाना कुठले? वसईचे का?

ग्रेटाआंटी ए-१०१, ९:५८
आडनाव आमच्यासारखंच असलं तरी माणूस ब्राझीलचा. रेसिफेचा. आणि नेनेसाहेब, रागावू नका हां, पण ‘एग्बेर्तो’ नाही, ‘एग्बेर्तु’. शेवटचा ओ आम्ही उ म्हणतो.

नेनेकाका सी-२०४, १०:०१
आंटी, तुमचं पोर्तुगीज मडगावचं, म्हणजे लिस्बनच्या वळणाचं. रिओकडे ‘ति’चा ‘चि’ होतो. तिकडे त्याला ‘झिझमोंची’ म्हणतात. मग सगळंच बदलावं लागेल.

ग्रेटाआंटी ए-१०१, १०:०२
माझ्या आजीने असं ‘चि चि’ केलं असतं तर सिस्टरने पट्टी मारली असती.

जोशी सर बी-५०१, १०:०५
मी शेवटपर्यंत बसलो होतो. दुसरी रेकॉर्ड लावली, मध्यान्हीचा सूर्य वगैरे नावाची, त्यात तबला झाकीरभाईंचा. हात लगेच ओळखू येतो. हे कार्यक्रमात सांगायला हवं होतं. आपला माणूस.

नेनेकाका सी-२०४, १०:०८
सर, ‘सोल दो मेयु दिया’वर तबला कॉलिन वॉलकॉट यांचा आहे. अमेरिकन. सतार रविशंकरांकडे शिकले, तबला अल्लारखांकडे. म्हणजे हात त्याच घरातला, माणूस वेगळा.

जोशी सर बी-५०१, १०:०९
सॅक्सोफोनवाल्या गारबारेकबरोबर झाकीरभाईंनी वाजवलंय. माझ्याकडे कॅसेट आहे.

नेनेकाका सी-२०४, १०:११
वाजवलंय ना. पण ती १९८७ ची ‘मेकिंग म्युझिक’. त्यात हरिप्रसादजी आणि मॅक्लॉफ्लिन. जिस्मोंती त्यात नाही. मध्यान्हीचा सूर्य १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड झाला.

जोशी सर बी-५०१, १०:१२
मी फक्त कानाचं सांगितलं.

देसाई ए-६०३, १०:१३
यादी.

शोभाताई बी-३०२, १०:१५
माझा मुद्दा वड्यांचा होता.

प्रथमेश डी-७०१, १०:२०
काका, एक शंका. या महिन्याचा विषय ‘आजचा ब्राझिलियन जॅझ गिटारिस्ट’ होता ना? जिस्मोंती १९४७ चा. आणि निम्मा वेळ पियानोच वाजवत होता. मी चिको पिन्येरू सुचवला होता. साओ पाउलोचा, १९७५ चा जन्म, बॉस्टनला बर्कलीत शिकलाय. पहिला अल्बम २००३ चा, ‘मेइया-नोइची मेइयु-दिया’. मग २०१० चा ‘देअर्स अ स्टॉर्म इनसाइड’, २०२० चा ‘सिटी ऑफ ड्रीम्स’. चारचार, पाचपाच मिनिटांचे तुकडे. वडेही गरम राहिले असते.

शोभाताई बी-३०२, १०:२१
👏👏

नेनेकाका सी-२०४, १०:२४
पिन्येरू गोड वाजवतो. लिफ्टमध्ये छान वाटेल.

प्रथमेश डी-७०१, १०:२५
लिफ्ट चालू असती तर ऐकला असता. तुमचा अँप आणि दोन्ही स्पीकर मी जिन्याने उतरवलेत.

पाटील सेक्रेटरी, १०:२६
लिफ्टचा माणूस मंगळवारी येतोय. तीनदा सांगून झालंय.

सुर्वे डी-४०२, १०:२७
मंगळवार कुठला ते पण सांगा.

नेनेकाका सी-२०४, १०:३९
प्रथमेश, शब्द मागे घेतो, तू खूप धावपळ केलीस. पण पियानोचं ऐक. जिस्मोंतीचा रिओ राज्यातल्या कार्मो नावाच्या गावी जन्म, वडील लेबनीज, आई सिसिलीची. लहानपणापासून पियानो, पुढे पॅरिसला नादिया बुलांजेकडे शिक्षण. गिटार नंतर आली. पियानोवर डावा हात खर्ज सांभाळतो आणि उजवा गातो, तेच त्याला गिटारवर हवं झालं, मग सहा तारा कशा पुरणार? १९७३ च्या सुमारास आठ तारांची घेतली, पुढे दहा तारांची. अंगठा खाली स्वतःचा ठेका धरून बसतो, त्याला वरच्या बोटांचं काही देणंघेणं नाही. डोळे मिटून ऐकलं तर दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. म्हणून पियानो वगळून त्याची गिटार कळत नाही.

जोशी सर बी-५०१, १०:४१
एवढ्या मोठ्या कलाकाराला ‘घेतली’, ‘धरतो’? भीमसेनजींना कोणी ‘गातो’ म्हणेल का?

सावंत खजिनदार, १०:४२
सर, भीमसेन गातो असंच म्हणतात, प्रेमाने. सभेतल्यांना अहो-जाहो.

नेनेकाका सी-२०४, १०:५०
आणि छाती बडवण्याबद्दल, शोभाताई. नानाला स्वतःचं अंगसुद्धा वाद्यच. शिवाय त्याचं ते बेरिंबाव: एक धनुष्य, त्याला एकच तार, खाली पोकळ भोपळा. तारेवर काडी मारायची, दुसऱ्या हातातला दगड तारेला टेकवायचा की सूर चढतो, भोपळा पोटाशी दाबला की आवाज मिटतो.

सुर्वे डी-४०२, १०:५२
आमच्याकडच्या तुणतुण्याचा चुलतभाऊ.

नेनेकाका सी-२०४, १०:५३
चालेल. आता गोष्ट ऐका. १९७६ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवट. परदेशी जाणाऱ्याने आधी सरकारकडे भलीमोठी अनामत ठेवायची, असा नियम त्याच वर्षी आला. जिस्मोंतीला अख्खा बँड युरोपला न्यायचा होता, पण परवडेना. हा एकटाच गेला. तिकडे नाना भेटला. त्याला म्हणाला, दोन मुलं गर्द, ओल्या रानातून चालली आहेत, किडे, प्राणी सगळीकडे, तसं वाजवायचं. आणि रेकॉर्डिंग कुठे, तर ऑस्लोत, नोव्हेंबरच्या थंडीत! म्हणून ती पंचवीस मिनिटं तोडता येत नाहीत. रान अर्ध्यात कसं थांबवणार?

सावंत खजिनदार, १०:५५
अनामत म्हणजे डिपॉझिट ना? विषय निघालाच आहे तर, हॉलचं ५००० रुपये डिपॉझिट सांस्कृतिक समितीकडून अजून आलेलं नाही.

नेनेकाका सी-२०४, १०:५६
समितीनेच समितीला डिपॉझिट द्यायचं?

सावंत खजिनदार, १०:५७
नियम सगळ्यांना सारखा. त्या लष्करी राजवटीतही होता.

पाटील सेक्रेटरी, १०:५८
हॉलचा विषय हिशेबाच्या ग्रुपवर घ्या. आणि उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी बंद. ए, बी, सी, डी चारही विंग.

देसाई ए-६०३, ११:०२
नेनेसाहेब, माहिती छान. पण यादी द्या. फक्त यादी. मुलगा गाडीत लावून देतो म्हणालाय.

नेनेकाका सी-२०४, ११:१०
गाडीत जिस्मोंतीची ‘मॅजिको’ नका लावू, झोप येईल. चार्ली हेडनचा बास, गारबारेकचा सॅक्स, १९७९ ला रेकॉर्ड केलेली. त्यातला ‘पालियासू’, म्हणजे विदूषक, घरी दिवा मंद करून ऐकायचा. तिथेही पियानो आहे, प्रथमेश, आधीच सांगून ठेवतो. ‘सान्फोना’ दोन रेकॉर्डची. एकीवर त्याचा ब्राझीलचा बँड, एकीवर एकटा. पहिल्याच तुकड्याच्या नावात बेडूक, वणवा आणि रातकिडा आहेत. आणि मध्यान्हीचा सूर्य लावाल तेव्हा एवढं ठाऊक असू द्या, की १९७७ साली जिस्मोंती ब्राझीलमधल्या शिंगू नदीकाठच्या यावालापिती लोकांत जाऊन राहिला होता. तिथल्या सापाइन नावाच्या वैदूला आणि शिंगूच्या लोकांना ती अर्पण केली आहे.

देसाई ए-६०३, ११:११
म्हणजे यादीत कुठली?

प्रथमेश डी-७०१, ११:१८
देसाईकाका, वाद एकीकडे ठेवून सांगतो. गिटारच ऐकायची असेल तर ‘दांसा दोस एस्क्रावोस’. त्यात पियानो नाही, दुसरं कोणी नाही, नुसत्या त्याच्या गिटारी. आज काकांनी ही वाजवलीच नाही, का ते देव जाणे. प्रत्येक तुकड्याला एक रंग दिलाय: तांबडा, निळा, हिरवा, पिवळा. काळा आहे तो ‘गुलामांचा नाच’. रेकॉर्डिंग नोव्हेंबर १९८८. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली मे १८८८ मध्ये.

नेनेकाका सी-२०४, ११:२०
शेवटी ठेवली होती. शेवट आला तोवर लोक वड्यांना गेले.

शोभाताई बी-३०२, ११:२१
गार वड्यांना.

प्रथमेश डी-७०१, ११:२४
शोभाकाकू, झोपायच्या आधी हिरवा ऐका, लिंक टाकतोय. ‘त्रेंझिन्यू दु काइपिरा’, गावंढळ माणसाची छोटी आगगाडी. मूळ रचना व्हिला-लोबोसची, अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी. इथे ती एका माणसाच्या हातात आलीय.

ग्रेटाआंटी ए-१०१, ११:२६
बघा, प्रथमेशने उ बरोबर म्हटला.

जोशी सर बी-५०१, ११:४८
वॉलकॉट यांच्याविषयी वाचलं. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीत अपघातात गेले, दौऱ्यावर असताना. वाईट वाटलं. पण तबला ऐकताना मला झाकीरभाईच दिसले, हे मी मागे घेणार नाही.

नेनेकाका सी-२०४, ११:५०
नका घेऊ, सर. दोघांचे उस्ताद एकच.

सोमवार

पाटील सेक्रेटरी, सकाळी ७:३०
स्मरण: १० ते १ पाणी बंद. बादल्या भरून ठेवा.

शोभाताई बी-३०२, ८:१२
प्रथमेश, ती आगगाडी कणीक मळताना लावली. खाली चाकं चाललीत आणि वर कोणीतरी खिडकीत बसून गुणगुणतंय. ह्यांनी आतून विचारलं, कोण दोघं वाजवताहेत? मी म्हटलं, एकच आहे, दहा तारा आहेत त्याला. परत लावली. पोळ्यांना उशीर झाला.

नेनेकाका सी-२०४, ८:१५
🙏

शोभाताई बी-३०२, ८:२१
देसाईभाऊ, हे काही तुम्हाला यादी देणार नाहीत. घ्या लिहून. आधी रंगांची, गुलामांच्या नाचाची. त्यात हिरवा पहिला. मग विदूषकाची, रात्रीसाठी. मग बेडूक-रातकिडा. मग जोशी सरांच्या तबल्याची. रानातली पंचवीस मिनिटं सगळ्यांत शेवटी, पोटभर खाऊन. प्रथमेशच्या चिकोची तो स्वतः सांगेल, पुढच्या महिन्यात त्याचाच कार्यक्रम ठेवू. वडे मी करीन, पण आधी वडे, मग रेकॉर्ड.

नेनेकाका सी-२०४, ८:२३
ताई, ‘तबला जोशी सरांचा’ असा अर्थ होतोय.

सावंत खजिनदार, ८:२४
पुढच्या महिन्याचं डिपॉझिट आधी.

देसाई ए-६०३, ८:३०
आभारी आहे ताई. आता हेच जरा नावांसकट यादी करून टाकता का?