नाशिकरोड ते ठाणे रोज पंचवटी एक्सप्रेसने: झेपेल का?

पाथर्डीफाटा
नमस्कार मंडळी. ठाण्यात नोकरी मिळतेय. ऑफिस स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, वेळ साडेदहा ते सात, आठवड्यातले चार दिवस जायचं. इकडे फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, मिसेस सातपूरला शिक्षिका, मुलगी यंदा तिसरीत. बिऱ्हाड हलवणं जमणार नाही. पंचवटीने रोज जाणारं इथे कोणी आहे का? पास, जागा, पावसाळा, सगळंच सांगा. शुक्रवारपर्यंत एचआरला कळवायचंय.

मिसळप्रेमी_४२२
बिनधास्त जा भाऊ. हजारो लोक जातात. १९७५ पासून चालू आहे ही गाडी.

जुना_पासवाला
जातात खरे, पण साहेब बघून जातात.

सकाळची काळजी सोड. पंचवटी मनमाडहून येते, सातच्या सुमारास नाशिकरोड, दहाच्या आत ठाणे. साडेदहाचं ऑफिस आरामात गाठशील. घोळ परतीचा आहे. संध्याकाळी हीच गाडी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते आणि सातच्या आधी ठाणं सोडते. तुझं ऑफिस सुटतं सातला! पगाराचं नंतर बोल, आधी एचआरकडून सुटायची वेळ मेलवर लिहून घे. तोंडी शब्दाला काही किंमत नाही, माणसं बदलतात. माझा पहिला साहेब कल्याणचा. घड्याळ बघून तोच म्हणायचा, "ऊठ, गाडी जाईल." त्याच्या जागी आलेला पार्ल्याचा. त्याला साडेपाचलाच मीटिंग सुचायची. नोकरी तीच, टेबल तेच, पण घरी जेवायला पोचणं बंद झालं.

पासाचं म्हणशील तर मासिकापेक्षा तिमाही परवडतो. सुपरफास्टचा अधिभार वेगळा असतो, तो भरलाय ना ते बघ. आणि पास म्हणजे रिझर्व्हेशन नव्हे. पासवाल्यांच्या डब्यातच चढायचं. आरक्षित डब्यात बसलास तर टीसी पावती फाडेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

जागा कुणाच्या नावावर नसते, पण ठरलेली असते. सुरुवातीला उभा राहा, "रिकामी होती म्हणून बसलो" हे ऐकवू नकोस. ओळख झाली की लोक सरकून घेतात. दसऱ्याला गाडी सजवायची वर्गणी मागतील, ती खुशाल दे. पासवाल्यांचा सी-३ डबा तर स्वच्छता आणि शांततेसाठी 'आदर्श डबा' म्हणून लिम्का बुकात गेला होता. मला मात्र तिथे करमलं नसतं, मी पत्तेवाल्यांतला.

येताना कसाऱ्याला गाडी थांबते. मागून ढकलायला जादा (बँकर) इंजिनं जोडतात, कारण घाट १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. घरी फोन तिथेच उरकून घे, पुढे बोगद्यांत रेंज जाते.

निफाडची_ताई
मी निफाडहून चढते, दादरला उतरते. तुमचं निदान ठाण्यालाच संपतंय! दादा, पावसाळ्याचं राहिलंच की. घाटात दरड आली की गाडी कुठेही अडकते. बॅगेत चार्जर, पाण्याची बाटली, खायला काहीतरी आणि सुके मोजे ठेवा. ओले मोजे घालून दिवसभर एसीत बसलं की काय होतं ते मला विचारा. आणि तिसरीतली मुलगी चार दिवस तुम्हाला झोपलेलीच दिसणार, हे घरी आत्ताच बोलून ठेवा. सकाळी निघताना ती झोपलेली, रात्री नाशिकरोडला उतरून पाथर्डी फाट्याला पोचेपर्यंत पुन्हा झोपलेली.

देवळालीकर
पाथर्डी फाट्याहून नाशिकरोडला कशाला जाता? पंचवटी देवळालीलाही थांबते. देवळाली कॅम्पातून स्टेशन गाठा, गर्दी कमी.

जुना_पासवाला
@देवळालीकर, प्लॅटफॉर्मवर कमी, पण डब्यात? मुंबईकडे जाताना नाशिकरोड आधी लागतं. देवळालीत चढणारा इगतपुरीच्या पुढेही उभाच. येताना उतरायला चांगलं, पण मग गाडी एका स्टेशनवर आणि स्कूटर दुसऱ्या.

पाथर्डीफाटा
सातचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पंचवटी चुकली तर कसारा लोकल घेऊन पुढे शेअर टॅक्सीने नाही का येता येणार?

जुना_पासवाला
एखाद्या दिवशी येता येईल. रोज नको. ठाण्याहून कसारा दोन तासांच्या आसपास, नशीब असेल तर बसायला जागा. पुढे अंधारात घाट, वर साठ-सत्तर किलोमीटर रस्ता, आणि टॅक्सी भरेपर्यंत निघत नाही. जुलैत धुक्यात तर ड्रायव्हरला बोनेटसुद्धा दिसत नाही, तरी तो ओव्हरटेक करतो. लांबच्या गाड्याही आहेत, पण जनरलचा डबा मुंबईतच भरून येतो. ठाण्याला पाय ठेवायला जागा नसते.

पाथर्डीफाटा
मग एचआरला दहा ते साडेसहा मागतो.

जुना_पासवाला
दहा नको. गाडी दहाला दहा कमी असताना आली तरी जिना, गर्दी, वर तुझी दहा मिनिटं. महिनाभरात लेटमार्कने पगार कापतील. सव्वादहा ते सव्वासहा माग, उरलेला अर्धा तास गाडीत लॅपटॉपवर भरून देतो म्हण. आणि चारातला एक दिवस सोमवार ठेवू नकोस. रविवार घरी काढून मुंबईला परतणारे सगळे त्याच सकाळी चढतात.

निफाडची_ताई
सोमवारचं अगदी खरं. मी तर सुट्टी टाकायची झाली तर सोमवारचीच टाकते.